जांबोटी परिसरातील आकाशदर्शन: तेजोमेघ, गुरू आणि एक उणीव

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका शेतघरावर हिवाळ्यात आकाशदर्शनाचा सशुल्क कार्यक्रम होतो. बेळगावच्या दिव्यांचा उजेड तिथे फारसा पोहोचत नाही आणि आठ इंची परावर्तक दुर्बीणही नीट जुळवलेली असते. भाकरी-झुणक्याचे जेवण ठीक आहे. निवेदक मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत सहजपणे बोलतात, सीमाभागात हे सोयीचेच आहे.

मृग नक्षत्रातील बाणाच्या खाली असलेला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, हे कार्यक्रमाचे मुख्य आकर्षण. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायू दुर्बिणीतून छायाचित्रांसारखा गुलाबी दिसत नाही, तर राखाडी धुरकट दिसतो, हे निवेदकांनी आधीच सांगितले, हे बरे झाले. वायू स्वतःच्या वजनाने आकसू पाहतो आणि त्याची उष्णता त्याला पसरवू पाहते. मेघ पुरेसा थंड आणि जड असला तरच गुरुत्वाकर्षणाची सरशी होऊन त्यातून तारे जन्मतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडलेले गणित निवेदकांनी एकही सूत्र न लिहिता समजावले.

उणीव यापुढची आहे. तेजोमेघाचा आजचा आकारही केवळ गुरुत्वाकर्षणाने घडला, असे ऐकणाऱ्याला वाटत राहते. वास्तविक, मध्यभागी दाटीने दिसणाऱ्या चार ताऱ्यांपैकी सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे अतिनील किरण आणि त्याच्यापासून सुटणारा वारा यांनी आजूबाजूचा वायू तापवून, उजळवून आणि ढकलून तिथे पोकळी कोरली आहे. ज्या वायूतून तारा जन्मला, त्यालाच तो हाकलून लावतो, ही या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट, आणि नेमकी तीच राहून गेली.

गुरूचे दर्शन मात्र उत्तम झाले. पट्टे स्पष्ट होते आणि बिंब किंचित चपटे आहे, हे दुर्बिणीतून सहज कळत होते. गुरुत्वाकर्षण वायूला गोल करते, पण दहा तासांहून कमी वेळात होणाऱ्या परिवलनामुळे गुरूचा ध्रुवीय व्यास विषुववृत्तीय व्यासापेक्षा सुमारे ९,००० किलोमीटरने कमी भरतो.

पौर्णिमेच्या सुमारासही हा कार्यक्रम ठेवला जातो. त्या रात्री गुरू छान दिसेल, तेजोमेघ मात्र चांदण्यात पुसट होईल, म्हणून नोंदणी करताना तिथी अवश्य विचारून घ्यावी.