भिगवणला मासे खायला गेलो, दोन्ही घरं मिळून

5 पैकी 4 स्टार. एक स्टार बाथरूमसाठी कापलाय, त्याचं खाली लिहिते.

हॉटेलचं नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते. मालकांना विचारलं होतं की मी तुमच्याबद्दल लिहू का, तर ते म्हणले लिहा ताई पण नाव नको, आमच्या भागात नाव आलं की लोक माशाची चव विचारत नाहीत, हे हॉटेल घड्याळवाल्यांचं का तुतारीवाल्यांचं, म्हणजे अजितदादांच्या बाजूचं का शरद पवार साहेबांच्या, ते आधी विचारतात. मला पटलं. आमच्या घरात हेच झालंय म्हणून तर आम्ही तिथं गेलो होतो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. पप्पा आणि काका सख्खे भाऊ, जमिनीची वाटणी झाली तेव्हासुद्धा एक वाकडा शब्द गेला नव्हता, विहीर अजून सामाईक आहे. 2 जुलै 2023 ला अजितदादांनी उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली आणि राष्ट्रवादी पक्ष फुटला, त्या दिवशी दोघं एकाच टीव्हीसमोर बसलेले होते. पप्पा म्हणले या वयात साहेबांना सोडायचं नसतं. काका म्हणले कामं दादाच करतात, उद्या पोराच्या नोकरीचं, विजेच्या डीपीचं, उसाच्या तोडीचं कुणाकडं जायचं? दोघांचंही मला खोटं वाटत नाही, आजपण नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं राजकारण म्हणजे टीव्हीवरची भांडणं, आमच्याकडं ते ऊस कधी तुटणार आणि पोरगं कुठं लागणार इतकं जवळ येतं.

मग लोकसभा आली. 7 मे 2024 ला मतदान, शाळेबाहेर रस्त्याच्या एका बाजूला काकांचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला पप्पांचं, दोघं चिठ्ठ्या वाटतायत आणि दिवसभर एकमेकांकडं बघितलं नाही. 4 जूनला तुतारीच्या सुप्रियाताई सुळे दीड लाखाच्या वर मतांनी निवडून आल्या आणि आमच्या बाजूच्या पोरांनी काकांच्या दारात फटाक्यांची माळ लावली. पप्पा तिथंच उभे होते, त्यांनी पोरांना अडवलं नाही. माझ्या मते सगळं तिथं तुटलं, मत कुणाला दिलं त्याच्यात नाही. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला घड्याळाचे दत्तामामा भरणे निवडून आले तेव्हा काकांच्या बाजूचा डीजे आमच्या दारात थांबला, फिटंफाट. आणि पप्पा त्या निवडणुकीत हर्षवर्धन पाटलांचा प्रचार करत होते, ज्यांच्या विरोधात त्यांनी आख्खी हयात घालवली, कारण पाटीलसाहेब ऑक्टोबरमध्ये भाजप सोडून तुतारीकडं आले होते. नेते महिन्याभरात इकडचे तिकडं होतात, माझ्या वडलांना शंभर पावलांवरच्या भावाच्या ओट्यावर जाणं जमेना. त्या वर्षी 2 नोव्हेंबरच्या पाडव्याला पवारांच्या घरातच दोन कार्यक्रम झाले, साहेबांचा गोविंदबागेत वेगळा आणि दादांचा काटेवाडीत वेगळा, आणि आमच्याकडंसुद्धा पाडव्याचं जेवण पहिल्यांदा दोन चुलींवर झालं. विहिरीच्या मोटरच्या पाळीचा निरोपसुद्धा गड्याच्या हातून जायला लागला.

आजीचं मात्र एकच होतं, लोकसभेला ताई आणि विधानसभेला दादा. बारामतीकडं बरेच जण हेच म्हणत होते, पण आमची आजी ते दोन्ही पोरांच्या तोंडावर म्हणायची.

तर मी आणि काकांची मुलगी, आम्ही दोघींनी ठरवलं की कुणाच्याच घरी बोलवायचं नाही, कारण पहिलं पाऊल कुणी टाकलं याचाच हिशोब होतो. बाहेर जेवायला न्यायचं. मार्गशीर्ष संपला होता, जानेवारीचा पहिला रविवार, मी पप्पा, आई, आजीला आणलं आणि तिनं तिच्या घरच्यांना, आणि दोघींनीही घरी सांगितलं होतं की दुसरे पण येणारेत. फसवून नाही आणलं, फसवून आणलं तर लोक पार्किंगमधनंच परत जातात.

आता हॉटेल. पुण्याहून सोलापूर हायवेनं साधारण 100 किमी, पाठीमागं उजनीचं पाणी दिसतं, थंडीत फ्लेमिंगो बघायला कुंभारगावला येणारे लोक इकडंच जेवतात त्यामुळं रविवारी 12 च्या आत पोचा, नाहीतर तासभर वेटिंग. पार्किंग मोठं आहे. आत गेल्यावर मला पहिलं जाणवलं की भिंतीवर एकाही नेत्याचा फोटो नाही, आमच्या भागात हे खरंच दुर्मिळ आहे, प्रत्येक हॉटेलात मालकाचा कुणाच्यातरी शेजारी उभा राहिलेला फोटो असतोच. इथं एक जुन्या होडीचा फोटो होता फक्त. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, मी काउंटरवर हळूच बंद करायला सांगितलं, त्या माणसानं का म्हणून विचारलं नाही, लगेच बंद केला.

मग वेटर आला आणि दोन्ही घरं लांब लांब उभी असलेली बघून त्यानं विचारलं, टेबल एक लावू का दोन? कुणीच बोलेना. आजी म्हणली, "येकच लाव बाबा, म्या मधी बसते." आजी माळकरी आहे, माशाच्या हॉटेलात पाय टाकणार नाही असं मला वाटलेलं, पण ती म्हणली होती की दोघं एका ताटाला बसणार असतील तर मी कुठंबी येते. तिच्यासाठी त्यांनी वेगळ्या चुलीवर वेगळ्या तव्यात भाकरी केली, पिठलं आणि ठेचा, पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा आणला. हे आम्ही सांगितलं नव्हतं, तिच्या गळ्यातली माळ बघून त्यांनीच केलं. याच्यासाठी मी त्यांना 10 स्टार देईन.

जेवणाचं म्हणाल तर चिलापी फ्राय घ्याच, रवा नाही लावत, नुसतं मसाल्यात तव्यावर कडक करतात. मच्छी थाळी आम्ही गेलो तेव्हा 320 ला होती, रस्सा परत मिळतो, बाजरीची भाकरी गरम आणि पातळ. मरळ वजनावर असते, आधी भाव विचारून घ्या. वाम त्या दिवशी नव्हती. ऑर्डर यायला 40 मिनिटं लागली आणि ती 40 मिनिटं आमच्या टेबलावर लहान पोरं सोडून कुणी बोललं नाही, मला वाटलं चुकलंच आपलं, उठून जावं.

कटला मासा आला तेव्हा पप्पा ताटाच्या अगदी जवळ वाकून काटे काढत होते, त्यांचं ऑगस्टमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्याचं राहिलंय. काका थोडा वेळ बघत बसले आणि मग आजीच्या समोरनं हात लांब करून त्यांनी पप्पांच्या ताटातला तुकडा आपल्या ताटात घेतला, काटे काढले आणि परत ठेवला. म्हणले, "दादा, डोळ्याचं कधी केलं?" गेल्या आठ महिन्यात त्यांनी पप्पांना दादा म्हणलं नव्हतं, आणि आमच्या भागात या शब्दाला आता कितीतरी दुसरे अर्थ चिकटलेत. पप्पा म्हणले ऑगस्टमध्ये. काका म्हणले, "मला कुनी सांगितलं न्हाई." पप्पा बराच वेळ गप्प होते, मग म्हणले, "त्या फटाक्याचं माझं चुकलं." एवढंच. काकांनी पुढचा तुकडा घेतला.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. पप्पा अजून काकांच्या ओट्यावर गेले नाहीत, आणि पुढची कुठलीही निवडणूक आली की काय होईल याची मला धास्ती आहे. पण मोटरच्या पाळीचा फोन आता थेट येतो.

बाथरूम फार वाईट आहे. एकच आहे, बायकांना वेगळं नाही, कडी लागत नाही, आजीला घेऊन जायचं तर मला दाराला उभं राहावं लागलं. मालकांना सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मागच्या ओळीत टेबल मागा, तिथं पायरी नाही आणि आवाज पण कमी. कार्ड चालत नाही, रोख नाहीतर फोनवरनं पैसे.

आम्ही पुढच्या महिन्यात परत चाललोय, 11 जण आहोत, टेबल एकच लावा असं फोनवर आधीच सांगून ठेवलंय.