'म्युझियम मॅच' रंगांच्या नावाखाली फॅब्रिक पेंट: नेपोलियनचे सैनिक रंगवणाऱ्यांनी जरा सांभाळून

२८ एमएम उंचीच्या, नेपोलियन काळातल्या सैनिकांच्या बाहुल्या रंगवायचा नाद असलेल्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांना वेडेपणा वाटला तर वाटू दे. सध्या एक सेलर लाकडी डबीत १० ड्रॉपर बॉटल्स आणि सोबत 'सर्टिफाइड कलर गाइड'ची पीडीएफ असा सेट विकतोय. किंमत साडेचार हजार, सीओडी नाही, यूपीआयनेच भरायचे. दावा काय, तर पॅरिसच्या लष्करी म्युझियममधले अस्सल कोट स्कॅन करून शेड जुळवलेत, 'शंभर टक्के एक्झॅक्ट'.

मला असईच्या लढाईचा डायोरामा, म्हणजे बाहुल्या मांडून केलेला देखावा, करायचा होता, म्हणून पीडीएफ आल्याआल्या आधी ७४वी आणि ७८वी हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंट उघडल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर शिंद्यांच्या तोफांसमोर गेलेल्या ह्याच त्या पलटणी. ७४वीची फेसिंग, म्हणजे कॉलर आणि कफचा वेगळा रंग, पांढरी. ७८वीची बफ, कमावलेल्या कातड्यासारखी फिकट. गाइडमध्ये एकीला पिवळी आणि दुसरीला हिरवी. म्हटलं टायपिंगची चूक असेल, पुढे बघितलं तर ९५वी रायफल्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या हिरव्या कोटाला लाल कॉलर. अरे बाबा, ९५वीचा कॉलर काळा, लाल होता तो ६०व्या रेजिमेंटच्या ५व्या बटालियनचा, आणि हे नवशिक्यालाही महिन्याभरात पाठ होतं. प्रशियन पायदळाला तर सरसकट निळा कोट लाल कॉलर देऊन मोकळा झालाय. १८०८ नंतर तिथे प्रांताप्रमाणे कॉलरचा रंग होता, पूर्व प्रशिया विटकरी, पश्चिम प्रशिया किरमिजी, पोमेरेनिया पांढरा, ब्रांडेनबुर्ग लालभडक, सायलेशिया पिवळा. फोटो तर चक्क आजकाल वॉटर्लूला जुने वेश घालून लढाईची नक्कल करणाऱ्या लोकांचे, आजच्या कापडाचे, आजच्या डायचे, कुणीतरी मोबाईलवर काढलेले. म्युझियमचा कोट शोधून सापडत नाही.

आता बाटल्या. 'फ्रेंच लाइन ब्लू' आणि 'प्रशियन ब्लू' या दोन वेगळ्या बाटल्यांचे थेंब पांढऱ्या टाइलवर शेजारी शेजारी टाकले आणि सुकू दिले, कुठला कुठे ते सांगता येईना, दोन्ही तेच. मग जुन्या एका मेटल फिगरवर प्राइमर मारून निळा लावला, नीट रात्रभर सुकवला, सकाळी नखाने जरा खरवडलं तर अख्खी बाही सालीसारखी सोलून हातात आली, रबरासारखी ताणली जाणारी. प्राइमरवर नीट सुकलेला चांगला मिनिएचर पेंट सहसा असा अख्खा सोलून निघत नाही. हे कुर्त्यावर फुलं काढायचं फॅब्रिक कलर आहे, स्टेशनरीच्या दुकानात किरकोळ पैशात मिळणारं, पाणी घालून ड्रॉपरमध्ये भरलेलं. शंका नको म्हणून एक लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलं, खाली दुसरंच लेबल, त्यावर नुसता शेड नंबर.

मेसेज केला तर उत्तर काय यावं? 'सर, तुमच्या स्क्रीनचा प्रॉब्लेम असेल.' अहो बाटलीतल्या रंगाला स्क्रीन कुठून आली? टाइलचा फोटो पाठवला, सोलून निघालेल्या बाहीचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा परत तीच 'सर्टिफाइड' पीडीएफ आली आणि त्यानंतर ब्लॉक.

पण मला जास्त राग पैशाचा नाही, त्या 'एक्झॅक्ट' शब्दाचा आहे, कारण माल खरा असता तरी तो दावा खोटाच होता. ब्रिटिश शिपायाचा लाल म्हणजे मॅडरचा, आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली मुळी, विटकरीकडे झुकणारा आणि उन्हापावसात अजून उतरणारा. ऑफिसर स्वतःच्या पैशाने भारी कापड घ्यायचे, त्यांचा लाल कोचिनील किड्याचा, भडक. एकाच रेजिमेंटमध्ये दोन लाल, आणि या सेटमध्ये 'ब्रिटिश रेड' नावाची एकच बाटली! फ्रेंच निळा निळीचा, घाण्यागणिक कमीजास्त, आणि समुद्र इंग्रजांच्या हातात असल्यामुळे निळीची एवढी टंचाई की १८०६ मध्ये काही रेजिमेंटना पांढरे कोट द्यायचं ठरलं, मग तेही गुंडाळलं. स्पेनमध्ये वर्षानुवर्षं लढणाऱ्यांच्या तर पँटी मिळेल त्या तपकिरी कापडाच्या. म्युझियममध्ये उरलेत ते बहुतेक ऑफिसरांचे कोट, दोनशे वर्षांत रंग उडालेले. आणि समजा खरा गडद निळा मिळालाच, तरी तो २८ एमएमच्या बाहुलीवर काळा दिसतो, म्हणून अनुभवी लोक मुद्दाम एक-दोन शेड उजळ घेतात.

म्हणजे शेडमध्ये थोडं इकडे तिकडे चालतं, पण कुठल्या रेजिमेंटचा कॉलर कुठला हे लिखित नियमांत आहे, ते तपासता येतं. हे लोक जे तपासता येत नाही त्याची गॅरंटी देतात आणि जे तपासता येतं तेच चुकवतात. कुणी 'म्युझियम मॅच' म्हणून काही विकायला आलं तर आधी ९५वीचा कॉलर विचारा. फिगर पण विकत असेल तर 'ऑस्टरलिट्झ १८०५' (नेपोलियनची गाजलेली लढाई) लिहिलेल्या फ्रेंच शिपायाचा कोट बघा, छातीवरचे लॅपल, म्हणजे समोरचे दुमडलेले पट्टे, कमरेपर्यंत बंद असतील तर तो १८१२ च्या नियमाचा कोट आहे, पुढे बोलायची गरज नाही.

माझी तक्रार सायबर हेल्पलाइन १९३० वर आणि सायबर क्राइम पोर्टलवर टाकलीये, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवलीये, ट्रान्झॅक्शन आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक व्हायच्या आधीच काढून ठेवले होते ते कामी आले. रिफंड अजून नाही. तपास चालू आहे म्हणून सेलरचं नाव देत नाही. तुमच्याकडे अशीच लाकडी डबी आली असेल तर दोन निळे शेजारी सुकवून बघा, आणि तेच निघालं तर तुमची पण तक्रार टाका, एकट्याच्या साडेचार हजारांसाठी कोण धावतंय.