डीअँडडीच्या पीडीएफ विकत घेऊन खेळताना: इंदूरच्या टेबलावरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी संध्याकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (डीअँडडी) डाव बसतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत, मिळून गोष्ट खेळायची. मी डंजन मास्टर. गोष्ट उभी करणं, राक्षसांच्या वतीने फासे टाकणं आणि पुढच्या रविवारची तयारी हे सगळं माझ्याकडे. समोर मावसबहीण, तिचे यजमान, कॉलेजात जाणारा भाचा आणि त्याचा मित्र. छापील पुस्तकं इथे सहज मिळत नाहीत. खजुरी बाजारात अभ्यासाची हवी ती पुस्तकं मिळतील, पण हा विषय तिथे नाही, आणि बाहेरून मागवलं तर एकेक जाडजूड पुस्तक साडेतीन-चार हजारांच्या घरात जातं. त्यामुळे मूळ नियमपुस्तक सोडलं तर बाकी सगळं मी डिजिटलच घेत आले: साहसकथा, नकाशे, राक्षसांचे संग्रह, नव्या जादू.

विक्रीच्या पानावर खाली जे अभिप्राय असतात त्यातले बरेचसे वाचून दिलेले असतात, खेळून दिलेले थोडे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं मत आता पक्कं झालं आहे: पीडीएफची किंमत तिच्या पानांवरून किंवा चित्रांवरून करू नये. चार जण एकदम बोलत असताना, चहा येत असताना, ती अर्ध्या मिनिटात मला हवं ते देते का, एवढंच पाहावं.

खोलीचं वर्णन घ्या. बहुतेक साहसकथांत प्रत्येक खोलीसाठी तिरप्या अक्षरांत एक परिच्छेद असतो, तो डंजन मास्टरने मोठ्याने वाचून दाखवायचा. आमच्याकडे खेळ मराठीत चालतो, मधूनमधून हिंदी. म्हणजे इंग्रजी वाचायचं आणि त्याच दमात मराठीत सांगायचं. अर्ध्या पानाचा परिच्छेद असेल तर तिसऱ्या वाक्याला भाचा दार उघडून मोकळा झालेला असतो आणि दारामागे काय आहे ते परिच्छेदाच्या शेवटी असतं. याउलट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेल्या पीडीएफमध्ये खोली अशी दिलेली होती: ओलसर भिंती, उत्तरेला लोखंडी दार, आतून कडी, खालून पाण्याचा आवाज. चार तुकडे, ठळक अक्षरांत. त्याखाली प्रत्येकाचा तपशील दोन-दोन ओळींत, कोणी विचारलं तरच बघायचा. मी वर नजर टाकायची आणि आपल्या भाषेत सांगायचं. त्या रविवारी मी टॅब्लेटकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होते.

दुसरी कसोटी राक्षसाच्या आकड्यांची. खेळाडूंनी तलवार उपसली की मला त्या क्षणी त्याचा आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती कठीण), हिट पॉइंट्स (तो किती मार सोसतो) आणि हल्ले समोर हवेत. चांगली पीडीएफ ते त्याच पानावर देते, निदान नावावर बोट ठेवलं की थेट तिथे नेते. वाईट पीडीएफ 'मूळ पुस्तक पाहा' म्हणून मोकळी होते. आता याला सबब उरलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये, इतर प्रकाशकांना हे नियम वापरू देणाऱ्या लायसन्सवरून मोठा गदारोळ झाल्यानंतर, डीअँडडीची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने पाचव्या आवृत्तीचा ५.१ हा एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा संदर्भ दस्तऐवज, क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्याखाली खुला केला. श्रेय दिलं की त्यातले नियम आणि राक्षस कोणालाही आपल्या पुस्तकात छापता येतात. बिहोल्डर, माइंड फ्लेयर असे काही खास प्राणी त्यात नाहीत, पण आउलबेअर आहे, सांगाडे आहेत, ड्रॅगन आहेत. लहान प्रकाशकाला एवढं पुष्कळ झालं. म्हणून हल्ली घेण्याआधी प्रिव्ह्यूची पानं उघडून आकडे आत दिले आहेत का ते बघते. प्रिव्ह्यूमध्ये नुसतं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका असेल तर पुढे जाते.

फोनवर हे सगळं होईल असं मात्र समजू नका. ही पुस्तकं दोन कॉलमांत मांडलेली असतात आणि फोनवर बोटांनी वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. दहा इंची टॅब्लेट पुरतो. बुकमार्क असलेली फाइल असेल तर फारच सुखाचं. जुन्या छापील पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या फाइल्समध्ये शब्द शोधायला गेलं की कधी सापडतो, कधी नाही. त्या हौसेने वाचाव्यात, टेबलावर त्यांच्या भरवशावर बसू नये.

नकाशांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण याबद्दल कुठेच नीट माहिती मिळाली नव्हती. लढाईच्या नकाशावर एक इंचाचे चौकोन असतात, एक चौकोन म्हणजे खेळातले पाच फूट. अमेरिकेत फाइल बनते ती लेटर कागदासाठी, साडेआठ बाय अकरा इंच. आपल्याकडे छपाई ए-फोरवर, जो त्याहून थोडा अरुंद आणि उंच आहे. भंवरकुआला कोचिंगवाल्या मुलांसाठी झेरॉक्सची रांगेने दुकानं आहेत, तिथे प्रिंट काढायला दिलं की दुकानदार सवयीने 'फिट टू पेज' करतो. नकाशा तीन टक्के आक्रसतो, प्रिंटरचा समास धरला तर आणखी. दिसायला काहीच फरक नाही. पण आमच्या मिनिएचरचा, म्हणजे पात्रांच्या छोट्या बाहुल्यांचा, तळ २५ मिलिमीटरचा, आणि चौकोन आता साडेचोवीसच्याही खाली. दोन योद्धे शेजारी उभे केले की एकमेकांना ढकलतात, अरुंद बोळात चौघं बसतच नाहीत. दुकानात उभं राहून 'ॲक्च्युअल साइज, शंभर टक्के' असं सांगायचं आणि पहिल्या पानावर पट्टी ठेवून इंच मोजायचा. कडेची थोडी रेघ कापली जाते, तिची काही अडचण होत नाही.

मोठा नकाशा असेल तर फ्लेक्स. चोवीस बाय छत्तीस इंच म्हणजे सहा चौरस फूट, आणि फ्लेक्सवाले चौरस फुटावरच पैसे घेतात, त्यामुळे रंगीत कागद जोडत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. गुंडाळून ठेवता येतो, चहा सांडला तरी पुसता येतो. फक्त फाइलचे पिक्सेल बघून घ्या. बरेच नकाशे ऑनलाइन टेबलासाठी बनवलेले असतात, एका चौकोनाला ७० किंवा १०० पिक्सेल, कारण रोल२० आणि फाउंड्री या ऑनलाइन खेळण्याच्या सॉफ्टवेअरचे हिशेब तसे आहेत. पडद्यावर ते छान दिसतात, इंचाला इंच छापले की दगडी फरशीची नुसती राख होते. छपाईसाठी म्हणून वेगळी, इंचाला ३०० पिक्सेलची फाइल देणारा नकाशाकार भेटला तर त्याला धरून ठेवा. पीडीएफमध्ये 'लेयर' (एकावर एक ठेवलेले, वेगवेगळे लपवता येणारे थर) असतील तर खोल्यांचे नंबर आणि गुप्त दारं बंद करून खेळाडूंसाठी स्वच्छ नकाशा काढता येतो. हे संगणकावरच्या ॲक्रोबॅटमध्ये नीट होतं, फोनवरच्या बऱ्याच रीडरमध्ये लेयर दिसतही नाहीत.

आता माझी सगळ्यात आवडती खरेदी. दोन डॉलरची, बारा पानांची साहसकथा: एक पायऱ्यांची विहीर आणि तिच्या पोटात खोल्या. मूळ कथेत ती कुठल्याशा डोंगरी राज्यात होती. मी ती उचलून इंदूरजवळच्या मांडूच्या किल्ल्यावर नेली. तिथली चंपा बावडी, म्हणजे जुनी विहीर, आमच्या टेबलावर सगळ्यांनी पाहिलेली. पावसाळ्यात मांडूला न गेलेला इंदूरकर विरळा. तिथे विहिरीला लागून खाली खरोखरच कमानींची तळघरं आहेत, उन्हाळ्यात गारव्यासाठी बांधलेली. वर जहाज महाल, एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. मी एवढंच म्हटलं की विहिरीचं पाणी अचानक उतरलं आहे आणि कधी न दिसलेली एक कमान उघडी पडली आहे. मावसबहीण एरवी लढाई सुरू होईपर्यंत गप्प बसते. त्या दिवशी तिने लगेच विचारलं, "ताई, तलावाच्या बाजूची भिंत ओली आहे का?" मग तिने त्या भिंतीमागे तलाव आहे हे गृहीत धरून पुढची सगळी योजना आखली, शेवटी ती भिंत फोडूनच ते वाचले. पुस्तकात असं काहीच नव्हतं. पण त्या लेखकाने जागा मोकळ्या सोडल्या होत्या: गावाला नाव नाही, राजाला वंशावळ नाही, फक्त कोणाला काय हवं आहे आणि खाली काय दडलं आहे. म्हणून आमचं गाव त्यात बसलं.

याच काळात घेतलेली अडीचशे पानांची एक मोहीम अजून पहिल्या प्रकरणातच आहे. देखणी आहे, कागद असता तर मांडीवर घेऊन वाचली असती. पण तिचे देव, तिची घराणी, तिच्या लढाया एकमेकांत इतक्या गुंतलेल्या की एक धागा बदलला की दहा ठिकाणी शोधावं लागतं. आठवड्याची नोकरी करून रविवारी खेळवणाऱ्याला हे झेपत नाही. मी तरी आता चाळीस पानांच्या वर काही घेताना दहादा विचार करते.

एक तपासणी सध्या फार गरजेची आहे. पुस्तक २०१४ च्या नियमांवर आहे की २०२४ च्या? दोन्ही एकत्र चालतात असं म्हणतात आणि ढोबळमानाने चालतातही. पण नव्या नियमांत क्युअर वुंड्स ही जखम बरी करणारी जादू एक आठ-बाजूच्या फाशाऐवजी दोन फाशांनी बरं करते, हीलिंग वर्ड ही तशीच दुसरी जादूही दुप्पट. थकव्याचा नियमही सरसकट बदलला: आधी सहा पायऱ्यांना सहा वेगळे परिणाम होते, आता प्रत्येक पायरीला वीस-बाजूच्या फाशातून दोन वजा. जुन्या साहसकथेतली थरारक लढाई नव्या पात्रांसमोर लुटुपुटूची होते. मी जुन्या कथांत एखादा शत्रू वाढवते, तेवढ्याने भागतं.

फाइल हातात असणं आणि खात्यात असणं यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानांतून घेतलेली पीडीएफ उतरवून घेता येते. लेखकाने चुका सुधारून नवी फाइल चढवली तर तीही मिळते. फाइलवर खरेदीदाराच्या नावाचा वॉटरमार्क येतो, तो योग्यच आहे. डीअँडडी बियॉन्ड या विझार्ड्सच्याच सेवेवरचं पुस्तक त्यांच्या साइटवर आणि ॲपमध्ये वाचायचं. पात्र बनवायला ते अतिशय सोयीचं आहे, नवख्यांना तर वरदान. पण आपली पुस्तकं ग्रुपमध्ये वाटायची तर कोणा एकाला मास्टर टियर ही सशुल्क वर्गणी घ्यावी लागते, आणि पूर्वी पुस्तकातली पात्राच्या पेशाची एखादीच उपशाखा किंवा एखादीच फीट (खास कौशल्य) सुटी विकत मिळायची ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. एका भाच्यापायी एक उपशाखा हवी तर सगळं पुस्तक घ्या, हे मला पटत नाही. मी पीडीएफकडेच झुकले.

पैशांचं सांगते, कारण पहिली अडचण तिथेच येते. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, मर्यादाही तिथेच ठरवता येते. डॉलरच्या भावावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के आणखी लावते. एकदम चार वस्तू घेतल्या काय आणि एकेक घेतली काय, टक्का तोच, त्यामुळे साठवून घेण्याची घाई नको. सेलची वाट मात्र जरूर बघा: मार्चमध्ये जीएम्स डेचा (खेळ चालवणाऱ्यांच्या दिवसाचा) आणि जुलैमध्ये 'ख्रिसमस इन जुलै'चा. बंडल ऑफ होल्डिंगसारख्या ठिकाणी एकाच खेळाच्या ढीगभर पीडीएफ थोडक्यात मिळतात, पण एकगठ्ठा घेतलेल्यातलं टेबलावर फार थोडं येतं, हा माझा अनुभव.

'पे व्हॉट यू वॉन्ट' असं लिहिलेलं असतं तिथे शून्यही टाकता येतं. मी अनोळखी लेखकाचं आधी शून्यात उतरवते, खेळते, आणि रंगलं तर त्याची पुढची वस्तू पूर्ण किमतीत घेते. डीएम्स गिल्डवर विक्रीतला निम्मा वाटा लिहिणाऱ्याला जातो. दोन डॉलरमध्ये एक डॉलर त्याचा. ज्या माणसाने आमच्या पाच जणांना तीन रविवार त्या विहिरीत उतरवलं त्याला एवढं तरी मिळायलाच हवं, म्हणून वाटून घेतलेल्या चोरीच्या फाइल्स आमच्या टेबलावर चालत नाहीत.

एका विक्रेत्याकडून नकाशासंच मात्र पुन्हा घेणार नाही. झिपमध्ये जाहिरातीतले अर्धेच नकाशे निघाले, दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तेव्हापासून झिप उतरली की त्याच दिवशी उघडून मोजते.

भाच्याने आता हॉस्टेलवर स्वतःचा ग्रुप जमवला आहे. त्याला मी काहीच विकत घ्यायला सांगितलं नाही. डीअँडडीचे मूलभूत नियम फुकट आहेत. पाथफाइंडर हा असाच दुसरा खेळ खेळायचा तर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर सगळे नियम अधिकृतपणे खुले आहेत, फक्त साहसकथांचे पैसे मोजायचे. विहिरीची कथा त्याला हवीच होती, ती त्याच्या खात्यात माझ्या कार्डाने वेगळी घेतली. बाकीचं जुलैच्या सेलमध्ये बघू, तोवर त्यांचे दोन-चार डाव होतील आणि त्यांना नेमकं काय कमी पडतं ते कळेल.