सेन्सिटायटर यीस्टवन प्लेट: रक्तातल्या कॅन्डिडासाठी

ब्लड कल्चरमध्ये कॅन्डिडा ही बुरशी वाढली की डॉक्टर सहसा एकायनोकॅन्डिन या बुरशीविरोधी गटातले इंजेक्शन लगेच सुरू करतात. ते पुढे चालू ठेवायचे, की तोंडाने देता येणाऱ्या आणि कितीतरी स्वस्त फ्लुकोनाझोलवर यायचे, ही विचारणा मात्र लॅबकडे येते. त्या उत्तरासाठी, म्हणजे कोणते औषध त्या जंतूवर चालेल हे पाहण्यासाठी, मी सेन्सिटायटर यीस्टवन ही प्लेट वापरते आणि रक्तातल्या जंतूंसाठी तिची शिफारस मनापासून करते.

तिच्या ९६ खळग्यांत कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन आणि अनिडुलाफंगिन ही तीन एकायनोकॅन्डिन धरून नऊ औषधे वेगवेगळ्या मात्रांत सुकवून ठेवलेली असतात. जंतूच्या ०.५ मॅकफारलंडच्या (हे गढूळपणाचे माप) द्रावणातले २० मायक्रोलिटर ११ मिलिलिटर ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ पोषक माध्यमात, मिसळायचे, प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर सोडायचे आणि प्लेट ३५ अंशांवर २४ तास ठेवायची. जंतू वाढला तर निळा रंग गुलाबी होतो. ज्या सर्वांत कमी मात्रेला निळा टिकतो, ती एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा. फ्लुकोनाझोल ज्यात येते त्या ॲझोल गटाच्या ओळीत मात्र गुलाबी आणि निळ्याच्या मध्ये जांभळट छटेचे एक-दोन खळगे हमखास येतात, म्हणून नवख्या तंत्रज्ञाला एकट्याने वाचायला बसवू नये. द्रावण दाट झाले तर आकडे वर सरकतात. त्यामुळे प्रत्येक वेळी थोडे द्रावण साबुरो आगार या घट्ट माध्यमावर पसरून वसाहती मोजण्याचा नियम मी कधी मोडलेला नाही.

खरी जोखीम आकड्याच्या अर्थात आहे. मायकाफंगिनची एमआयसी १ आली आणि जंतू कॅन्डिडाच्या पॅराप्सिलोसिस प्रजातीचा असला, तर सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या निकषाने तो सेन्सिटिव्ह ठरतो. तोच आकडा ग्लॅब्राटा प्रजातीला आला तर तो स्पष्ट रेझिस्टंट, कारण तिथे ०.२५ पासूनच प्रतिकार धरतात आणि त्यामागे बहुधा एफकेएस जनुकातला (एकायनोकॅन्डिनच्या लक्ष्याशी संबंधित) बदल असतो. प्रजाती पक्की झाल्याशिवाय रिपोर्ट सोडणे म्हणूनच रुग्णावर अन्याय आहे. कॅस्पोफंगिनच्या ओळीवर एकटीवर मी विसंबत नाही: या औषधाचे आकडे संदर्भ ब्रॉथ पद्धतींत लॅबगणिक बदलतात, आणि युरोपच्या युकास्ट या मानक-संस्थेने त्याची सेन्सिटिव्ह-रेझिस्टंट ठरवणारी मर्यादा बराच काळ ठरवली नव्हती ती याच कारणाने. शेजारच्या दोन एकायनोकॅन्डिन ओळी काय सांगतात, ते आधी पाहावे.

अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेले, आठवड्यातून एकदा द्यायचे एकायनोकॅन्डिन रेझाफंगिन मी वापरते त्या वायओ१० प्रकारच्या यीस्टवन प्लेटवर नाही. एक प्लेट एकाच जंतूला पुरते, त्यामुळे लघवीतल्या किंवा थुंकीतल्या कॅन्डिडासाठी ती मी उघडत नाही.