कॅरमल फ्रॉस्टिंगसाठी घेतलेला डिजिटल थर्मामीटर, सहा महिने वापरल्यावर

हा घेतला तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता की साखर जाळायला थर्मामीटर कशाला लागतो. आई तर म्हणाली आम्ही जन्मभर पाक केले ते बोटांनी केले. तिचं खरंच आहे, एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे सगळं तिला चिमटीत कळतं, पण मला अजून कळत नाही आणि कॅरमलला तर बोट लावायची सोयच नाही, १७० डिग्रीला असतं ते. लेकीच्या वाढदिवसाच्या केकसाठी लागोपाठ दोनदा कॅरमल करपलं, तिसऱ्यांदा भीतीने लवकर उतरवलं तर नुसतं गोड गोड पिवळं पाणी, कॅरमलची चवच नाही. त्याच रात्री ऑर्डर टाकली.

वस्तू साधी आहे. पेनाएवढी स्टीलची सळई, वर छोटा डिस्प्ले, आत बटणसेल, उणे ५० ते ३०० डिग्रीपर्यंत मोजतो असं पाकिटावर लिहिलंय. मला साडेतीनशेच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण याच साच्याचे दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतून सगळे सारखेच वाटतात.

आल्या आल्या एक काम करा, सगळ्यांना सांगते मी हे. ग्लासभर बर्फ फोडून त्यात थोडंसंच पाणी घाला, दोन मिनिटं ढवळा आणि सळई मधोमध धरा, शून्य दाखवायला पाहिजे, अर्धा एक डिग्री इकडेतिकडे चालेल. मग खळखळ उकळत्या पाण्यात धरा. माझ्याकडे ९८ आलं आणि मी वस्तू परत करायला निघाले होते, नंतर डोक्यात आलं की आपण पुण्यात राहतो, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ लाच उकळतं, मुंबईत १०० ला आणि महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. म्हणजे थर्मामीटर बरोबर होता. हे लक्षात ठेवा कारण परदेशी रेसिपीतले पाकाचे आकडे समुद्रसपाटीचे असतात, पुण्यात त्यातून दोन डिग्री वजा करायचे. फक्त कोरडी साखर वितळवून कॅरमल करताना वजाबाकी नाही, त्यात पाणीच नसतं ना.

आता मुख्य काम. मी २०० ग्रॅम साखर घेते, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, काळी कढई अजिबात नको, त्यात रंगच दिसत नाही. साखर थोडी थोडी घालत मंद आचेवर वितळू देते. १६० च्या पुढे मधासारखा रंग यायला लागतो, १७० ला तांबूस, १८० ला चांगला गडद आणि त्याच्यापुढे कडवटपणा इतक्या पटकन येतो की वळून क्रीमचं पाकीट उचलेपर्यंत काम तमाम. डोळ्यांना १७५ आणि १८५ मधला फरक ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाही, आकड्यात दिसतो. मी १७२ ला गॅस बंद करते कारण पातेलं गरमच असतं, ते आणखी पाच-सहा डिग्री स्वतःच चढतं. सहा महिन्यांत एकदाही करपलं नाही. एकदाही नाही!

मग कोमट केलेलं क्रीम, साधारण १२० मिली. मी अमूलचं फ्रेश क्रीम वापरते, २५ टक्के फॅटचं, चालतं व्यवस्थित. फ्रीजमधलं गार क्रीम ओतू नका, साखरेचे दगड होतात आणि ते विरघळवण्यात अर्धा तास जातो. आणि पातेलं मोठंच घ्या, क्रीम पडल्यावर उकळी एकदम वर येते आणि ती वाफ हाताला लागली तर फार भाजतं, लहान मुलं ओट्याजवळ नकोत. नंतर ८० ग्रॅम बटर घालून पुन्हा गॅसवर ठेवते आणि १०६ आलं की उतरवते, गार झाल्यावर फ्रॉस्टिंगला लागतं तसं चमच्यावरून जाड धारेने पडणारं सॉस होतं.

पण मला जे खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. मी हा थर्मामीटर १७२ साठी घेतला होता आणि माझा केक वाचवला तो २४ ने.

आधी व्हायचं काय, की कॅरमल नीट जमलं तरी फ्रॉस्टिंग (फेटलेल्या बटरमध्ये आयसिंग शुगर आणि हे कॅरमल घालून केकवर लावायला केलेलं बटरक्रीम) फुटायचं किंवा पातळ होऊन केकच्या कडेने ओघळायचं, आणि मी आयसिंग शुगर वाढवत जायचे, मग चव नुसती साखरेची. कारण साधं होतं, कॅरमल वरून गार लागलं तरी मधे गरमच असतं. जाड गोष्ट आहे, वरचा थर हाताला थंड लागतो आणि खाली पातेल्याच्या बुडाशी ३८-४० असतं. बटर ३२ च्या पुढेमागे वितळायला लागतं, म्हणजे तुम्ही फेटलेल्या बटरमधली सगळी हवा एका डावात घालवून बसता. आता मी सळई मधोमध खुपसून बघते, २४-२५ दाखवल्याशिवाय घालतच नाही. बटरलाही टोचून बघते, १८ ते २० ला फेटायला घेतलं की पाच मिनिटांत पांढुरकं हलकं होतं. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या स्वयंपाकघरात बाहेर ठेवलेलं बटर २० डिग्रीला कधीच थांबत नाही, त्याहून गरमच होतं, "बटर रूम टेंपरेचरला आणा" हे वाक्य आपल्या उन्हाळ्यात वाचून सोडून द्या, फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटांत तपासायला लागा.

प्रमाण विचारणार म्हणून लिहिते, २२५ ग्रॅम बटर, २५० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि वरच्या सॉसमधलं १५० ग्रॅम. बटर आपलं नेहमीचं पिवळं खारं असेल तर वेगळं मीठ नको, कॅरमलला तो खारेपणा छान लागतो, आणि पिवळेपणाही इथे आड येत नाही. मिश्रण सैल वाटलं तर आणखी साखर घालू नका, भांडं पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि परत फेटा.

दुसरा प्रकार मी करून बघितला तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॅरमल केकवर लावतात तसलं शिजवलेलं आयसिंग. ते बटरक्रीम नसतं, आपल्या वडीच्या जवळचं असतं. साखर, दूध, बटर उकळून गोळीबंद पाकापर्यंत न्यायचं, त्यातली थोडी साखर आधी वेगळी जाळून घ्यायची, मग गार करून घोटायचं आणि ते केकवरच आळतं. गोळीबंद म्हणजे ११२ ते ११६, पुण्यात ११० ते ११४. त्या दिवशी आई शेजारी उभी होती. तिने वाटीत गार पाणी घेतलं, चमच्याने थेंब टाकला, बोटाने गोळा केला आणि म्हणाली, "झालाय गं, उतरव." डिस्प्लेवर ११२. मी तिला आकडा दाखवला तर तिने दोन्हीकडे बघितलं आणि पुढच्या थेंबाला स्वतःच विचारलं, "आता किती म्हणतंय ते?" तिच्या हातात सत्तर वर्षांचे नारळाच्या वड्यांचे, चिक्कीचे पाक आहेत, आणि ते किती अचूक आहेत हे मला त्या आकड्यामुळे कळलं, नाहीतर मी ते "सवयीने येतं" म्हणून सोडून दिलं असतं.

हे शिजवलेलं आयसिंग गरम गरम घोटायला घेतलं की रवाळ होतं. अजिबात न ढवळता ४३-४५ पर्यंत येऊ द्यायचं आणि मग घोटायचं, तेव्हा साखरेचे कण बारीक बनतात आणि जिभेवर मऊ लागतं. ढवळायचा मोह होतो पण हात लावू नका. पाकाच्या कडेला साखर चिकटली असेल तर ओल्या ब्रशने आधीच खाली घ्या, आणि सुरुवातीला लिंबाचे तीन-चार थेंब घातले तर पाकाची परत साखर होत नाही, हे आईचंच.

आता खटकलेल्या गोष्टी. आकडा स्थिर व्हायला आठ-दहा सेकंद लागतात, कॅरमल शेवटी मिनिटाला बरंच चढतं त्यामुळे सळई आतच धरून ठेवावी लागते आणि हात वाफेवर राहतो, त्या हातात जाड मोजा घाला. सळईचं टोक दोन-अडीच सेंटीमीटर बुडायला लागतं, पसरट पातेल्यात २०० ग्रॅम साखरेचा थर तेवढा नसतोच, मग पातेलं एका बाजूला कलवून मोजते, आणि टोक बुडाला टेकलं की आकडा खोटा जास्त येतो. अडकवायला क्लिप नाही. दहा मिनिटांनी स्वतःच बंद होतो, सेलसाठी चांगलं आहे पण शिजवलेल्या आयसिंगमध्ये नेमका मधेच जातो. डिस्प्लेत एकदा वाफ शिरली होती आणि दोन दिवस आकडे अर्धवट दिसत होते, उघडा ठेवून सुकवला तेव्हा ठीक झाला. पाण्यात बुडवून धुऊ नका, सळई तेवढी गरम पाण्याने पुसा. सेलचं झाकण सैल आहे, मी सेलोटेप लावलीय. बाजूचं बटण चुकून दाबलं जाऊन फॅरनहाइटवर गेला की ३४० वाचून छातीत धस्स होतं, तेव्हा आधी आकड्यापुढचं अक्षर बघा.

क्लिपवाला, सळईला वायर असलेला मिळतो, डिस्प्ले ओट्यावर ठेवता येतो आणि ठरवलेल्या आकड्याला वाजतो. महिन्याला चार-पाच केक करत असाल तर तोच घ्या. माझ्यासारखं महिन्यातून एखादा केक आणि दिवाळीचे पाक एवढंच असेल तर हा पुरतो, पाचपैकी चार देते, एक क्लिपचा कापला.

आणि घेतलात तर बटणसेलची जास्तीची जोडी लगेच आणून डब्यात ठेवा, माझा पहिला सेल तिसऱ्या महिन्यात साखर १५० ला असताना गेला.