वातीचं मशीन आणि बायबॅकचा करार: हे पॅकेज घ्यावं का?

‘मशीन तुम्ही घ्या, कापूस आम्ही देतो, तयार वाती आम्हीच परत घेतो.’ तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयाचा हॉल भाड्याने घेऊन विकलं जाणारं हे पॅकेज. वातीच्या जागी कधी अगरबत्ती असते, कधी कापूर, द्रोण-पत्रावळी किंवा कागदी कप, पण आतली रचना तीच असते. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या पॅकेजचं आहे. लोक हॉलमध्ये मशीन बघून पैसे भरतात, प्रत्यक्षात मात्र ते विकत घेत असतात एक करार, तयार माल परत घेण्याचा, म्हणजे बायबॅकचा. निकाल आधीच सांगतो. मशीन चालतं. करार चालत नाही. आणि दोन्हींची मिळून जी किंमत मागतात, ती देऊ नये.

आधी मशीन. टेबलावर बसणारं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं, लहान मोटर आणि कापूस वळणारे रोलर किंवा पट्टा. पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या गुंडाळीतून) कापसाचा पुंजका हाताने तोडून मशीनवर ठेवायचा, पुढून वळलेली वात पडते. यात फसवं काही नाही. फसवा असतो तो उत्पादनाचा आकडा. ‘आठ तासांत ६ किलो’ असं पत्रकावर छापलेलं असतं. एक वात पाव ग्रॅमची धरली तर किलोत ४,००० वाती होतात. सहा किलो म्हणजे २४,०००, तासाला ३,००० आणि मिनिटाला ५०. हाताने पुंजका ठेवायच्या मशीनवर मिनिटाला ५० वाती, आणि त्याही आठ तास न थांबता, कोणाच्याच हातून होणार नाहीत. मिनिटाला १५ धरा. कापूस अडकणं, रोलर पुसणं, घरची कामं जमेस धरून दिवसाला सहा तास खरं काम झालं तर ५,४०० वाती निघतील, म्हणजे जेमतेम १ किलो ३५० ग्रॅम. महिन्याचे २५ दिवस बसलं तर ३० ते ३५ किलो. पत्रकातली ‘महिना ४५ हजारांची कमाई’ पहिल्याच भागाकारात कोसळते.

डेमो बघायला गेलात तर आयते तोडून ठेवलेले पुंजके बाजूला सारायला सांगा आणि साधा पेळू घेऊन स्वतः तासभर मशीनवर बसा. निघालेला माल तिथेच वजन करा. बसू दिलं नाही तर तिथून उठा. रोलरचं रबर आणि पट्टा बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का, तेही विचारून घ्या. रबर गुळगुळीत झालं की वात सैल पडते आणि ‘क्वालिटी’च्या नावाखाली परत येते. सुटा भाग फक्त कंपनीकडेच मिळत असेल, तर तुमचं मशीन कधी बंद राहणार हे कंपनीच ठरवणार.

आता पॅकेजचा गाभा, म्हणजे पैशाचं गणित. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण साधारण असंच असतं. समजा मशीन ८५,००० रुपयांना दिलं आणि तसंच मशीन बनवणाऱ्याकडून थेट २५,००० ला मिळतं. म्हणजे कंपनीच्या हातात ६०,००० जादा राहिले. कंपनी कापूस २५० रुपये किलोने देते, वाती ५५० ने घेते. कापूस तिला तेवढ्यालाच पडतो असं धरू. मग किलोमागे तिच्या खिशातून जातात ३०० रुपये. तुम्ही महिन्याला ३० किलो दिलेत तर ९,०००. म्हणजे तुमच्याच साठ हजारांतून तुम्हाला सहा महिने पगार देता येतो. तोपर्यंत एकही वात विकली गेली नाही, सगळा माल गोदामात पडून राहिला, तरी काही बिघडत नाही. सहा महिने वेळेवर पैसे आले म्हणजे धंदा खरा, असं याच काळात शेजारी-पाजारी सांगितलं जातं आणि नवी मशीनं विकली जातात. सातव्या महिन्यापासून तुमचे पैसे नव्या माणसाच्या मशीनमधून येतात. नवी माणसं कमी झाली की आधी पेमेंट लांबतं, मग मालात खोट निघते, मग फोन बंद होतो.

यावरची सगळ्यात सोपी तपासणी घरापासून दोन-चार किलोमीटरवर होते. पूजासाहित्याच्या दोन-तीन होलसेल दुकानांत जा आणि मोकळ्या वातीचा किलोचा भाव विचारा, तोही ‘मी आणून दिल्या तर काय द्याल’ असा. कंपनी त्यापेक्षा जास्त द्यायला तयार असेल, तर त्या जादा पैशांचा उगम वातीत नाही. बाजारभावापेक्षा महाग माल सतत विकत घेणारा गिऱ्हाईक कुठल्याच धंद्यात नसतो.

कापसाच्या वजनातला खेळ फार कमी लोकांच्या लक्षात येतो. कापूस हवेतला ओलावा धरतो. व्यापारात ८.५ टक्के ओलावा प्रमाण मानतात, पावसाळ्यात दमट गोदामातला कापूस त्याहून जड असतो. २० किलो कापूस तसा आला आणि घरात कोरडा होऊन त्यातला ३ टक्के ओलावा उडाला, तर ६०० ग्रॅम तिथेच गेले. मशीनखाली पडणारा भुगा दीड-दोन टक्के धरला, तर आणखी ३०० ते ४०० ग्रॅम. करारात ‘दिलेल्या वजनाइतका माल परत’ असं असेल तर ही जवळजवळ एक किलोची घट तुमच्या बिलातून ५५० च्या भावाने कापली जाते, तुम्ही मात्र कापूस घेतला होता २५० ने. वजनकाटा स्वतःचा ठेवा, पोतं उघडण्याआधी वजनाचा फोटो काढा, आणि घट किती टक्के मान्य आहे ते करारात आकड्यात लिहून घ्या. लिहून देत नसतील तर तोही एक जबाबच आहे.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतात, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढंच सांगतो. पैसे मिळतील याची हमी तो देत नाही. आत बघा: ‘कंपनीच्या मागणीनुसार’, ‘गुणवत्ता चाचणीत उत्तीर्ण झालेला मालच’, ‘गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम’. या तीन वाक्यांनंतर बायबॅक उरतच नाही. महिन्याला किमान किती किलो घेणार, किती दिवसांत पैसे देणार, उशीर झाला तर व्याज किती, यातलं काहीच सहसा नसतं. खरा करार असेल तर त्यात वातीची लांबी मिलिमीटरमध्ये, १०० वातींचं वजन ग्रॅममध्ये, दोघांच्या सह्यांचा सीलबंद नमुना, माल पोचल्यावर किती दिवसांत तपासायचा आणि नाकारलेला माल कोणाच्या खर्चाने परत येणार, हे सगळं असतं.

पावतीकडे तर करारापेक्षाही बारकाईने बघा. ८५,००० घेतात आणि जीएसटीचं बिल २५,००० चं देतात. उरलेले ‘प्रशिक्षण शुल्क’, ‘नोंदणी, ना-परतावा’ किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून साध्या कागदावर, कधी तर कोणाच्या तरी खासगी खात्यावर. पुढे भांडायची वेळ आली की तुमचा दावा बिलाएवढाच उरतो. पूर्ण रक्कम कंपनीच्या चालू खात्यावर, बिलावर मशीनचा सिरियल नंबर, आणि डिपॉझिट असेल तर ते कधी परत मिळणार याची तारीख, एवढं नसेल तर एक रुपया देऊ नका.

हॉलच्या भिंतीवर लावलेल्या फ्रेम म्हणजे उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी, आयएसओ आणि कंपनी स्थापनेचं प्रमाणपत्र. त्यावरून ‘सरकारमान्य’ म्हणतात. उद्यम नोंदणी मोफत आहे, घरबसल्या स्वतःच माहिती भरून मिळते. यातल्या एकाही कागदाने लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर कोणाला अशी परवानगी आहे ते बघता येतं आणि तिथेच तक्रारही करता येते.

त्याच फ्रेमवरचा जीएसटी क्रमांक मात्र उपयोगी आहे. महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीची तारीख, पत्ता आणि विवरणपत्रं वेळेवर भरली आहेत का ते दिसतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालक कोण आणि भरणा भांडवल किती ते फुकट दिसतं. थोडं शुल्क भरून ताळेबंदही मिळतो. त्यात मशीन विक्रीचं उत्पन्न आणि वातींच्या विक्रीचं उत्पन्न वेगळं दाखवलंय का बघा. शेकडो मशीनं लावलेल्या कंपनीच्या वातींच्या विक्रीचा आकडा नगण्य असेल, तर घेतलेला माल कुठे जातो याचं उत्तर मिळालं. ‘दुबईला एक्स्पोर्ट’ म्हणत असतील तर आयात-निर्यात कोड आणि गेल्या तीन महिन्यांतली शिपिंग बिलं मागा. खरा निर्यातदार ती पाच मिनिटांत दाखवतो.

हे पॅकेज नवीन नाही, वस्तू फक्त बदलत आली. तमिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी एमू फार्म्सने एमू पक्षी देऊन दरमहा सांभाळखर्च आणि वर बोनस द्यायचं कबूल केलं. २०१२ मध्ये ते कोसळलं. एमूच्या मांसाला आणि अंड्यांना भारतात बाजारच नव्हता, पिल्लू विकलं जायचं ते पुढच्या गुंतवणूकदाराला. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांच्या बायबॅकचं प्रकरण उघडं पडलं. कोंबडीची जात अस्सल होती, झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. हीच अस्सल गोष्ट पुढे करून लोकांना ओढलं गेलं. जिवंत पक्ष्यांच्या योजनेत नुकसान मशीनपेक्षा भयंकर असतं. मशीन बंद ठेवता येतं. २०० पक्षी मात्र कंपनीचं पेमेंट थांबलं तरी रोज १६ ते २० किलो खाद्य खातातच, आणि कडकनाथ दीड किलोच्या आसपास जायलाच चार-पाच महिने लागतात. त्या दरम्यान शेतकऱ्याला खाद्यासाठी पुन्हा कर्ज काढावं लागतं.

‘तीन मशीनं लावून द्या, तुमचं मशीन फुकट’ हा प्रस्ताव आला तर तिथे थांबाच. नवी माणसं जोडण्याच्या बदल्यात पैसे देणाऱ्या योजनांना १९७८ च्या प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याने मनाई आहे, २०२१ च्या थेट विक्री नियमांतही पिरॅमिड योजना बंद आहेत. साखळी तुटल्यावर मामेभाऊ, जाऊबाई, बचत गटातल्या बायका पैसे मागायला येतात त्या तुमच्या दारात. ऑफिसला तोवर कुलूप लागलेलं असतं, आणि पोलिसांच्या जबाबातही तुमचंच नाव येतं.

वातीचा धंदा मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. श्रावणापासून कार्तिकापर्यंत मागणी असते. ज्यांना करायचाच आहे त्यांनी आधी पाच किलो वाती तयार विकत घेऊन, ५० आणि १०० च्या पाकिटांत भरून गावातल्या किराणा आणि पूजेच्या दुकानांत ठेवून बघाव्यात. दोन महिन्यांत पाकिटं पुन्हा मागितली गेली, तर मशीन बनवणाऱ्याकडून थेट, बायबॅकशिवाय घ्यावं.

आधीच अडकलेल्यांनी पहिलं काम म्हणजे नवा माल देणं थांबवणं. ‘हा लॉट द्या, मग जुनं पेमेंट सोडतो’ याला बळी पडू नका. चॅट एक्स्पोर्ट करा, बँकेचं स्टेटमेंट, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, नाकारलेल्या मालाचे मेसेज एकत्र करा. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा. कंपनीचा चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार. या मुदती चुकल्या की चेकचा धाक जातो, म्हणून ‘पुढच्या सोमवारी नक्की’ ऐकत बसू नका.

तक्रार एकेकट्याने न देता सगळ्यांनी मिळून, नाव, रक्कम, तारीख आणि पावतीचा तक्ता जोडून जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे द्या. डिपॉझिट किंवा ठरावीक मुदतीने पैसे परत द्यायचं वचन असेल, तर १९९९ च्या एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राच्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याची कलमं लावावीत असं अर्जातच लिहा. नुसत्या फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी पकडला जातो, एमपीआयडीत मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटायची तरतूद आहे. मशीनच्या नुसत्या विक्रीला हा कायदा लावणं अवघड जातं, म्हणून पावतीवरचा ‘डिपॉझिट’ हा शब्द इतका मोलाचा.

शिवाय ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. ‘तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं कंपनीचा वकील म्हणतो. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’च्या व्याख्येतून वगळलेली आहे, ते स्पष्टीकरण अर्जात नमूद करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तुमची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल, तर थकलेल्या बिलांसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या (एमएसएमई) सरकारी पोर्टलवरही दावा टाकता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर १५ दिवसांपुढच्या, लिहिलेली असेल तर त्या मुदतीपुढच्या (तीही जास्तीत जास्त ४५ दिवस) उशिराला तिथे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.