४९ रुपयांचा कन्व्हर्टर, १०,०४७ रुपयांचा चुना

अण्णांच्या साठीशांतीचं शूटिंग जुन्या हँडीकॅमवरचं. एमटीएस फाइली. आईच्या टॅबवर टाकल्या तर चित्र दिसतं, आवाज नाही. अण्णा हातवारे करून कुणाला तरी झापतायत आणि ऐकू काहीच येत नाही. आई म्हणाली, "बघ बाबा, तुला जमलं तर."

'फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर' शोधलं आणि सगळ्यात वर आलं ते घेतलं. वर येते ती जाहिरात असते, हे मलाही कळतं. पण फ्रीमध्ये फक्त पहिली दहा मिनिटं मिळतात आणि तीही अण्णांच्या कपाळावर कंपनीचा शिक्का मारून, हे फाइल तयार झाल्यावर कळतं. शिक्का नको तर ४९ रुपये, तीन दिवसांची ट्रायल. ४९ रुपयांत आजकाल धड मिसळ येत नाही, कोण एवढा विचार करतो?

आणि इथेच. यूपीआयचा तो स्क्रीन अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. वर ठळक ४९. खाली बारीक अक्षरात 'कमाल रक्कम १४,९९९', त्याखाली 'गरजेनुसार'. मी ते वाचलं होतं! डोळे मिटून पिन टाकणाऱ्यांतला मी नाही. कमाल म्हणजे नुसती वरची मर्यादा, सगळ्यांनाच तेवढी ठेवत असतील, असं वाटलं. कुणालाही वाटलं असतं. ऑटोपेला, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या सोयीला, १५,००० पर्यंत दर वेळी पिन लागत नाही, म्हणून तो १४,९९९ चा आकडा. आणि गरज कुणाची, ते त्यात लिहिलेलं नसतं.

ट्रायल संपताच ४,९९९ गेले. त्याच आठवड्यात आणखी ४,९९९. आदल्या दिवशी सूचनेचा मेसेज येतो, हो, येतो. कर्ज घ्या, प्लॉट घ्याच्या ढिगाऱ्यात, भलत्याच कंपनीच्या नावाने. तोवर सॉफ्टवेअर मी काढूनसुद्धा टाकलं होतं. त्याचा काडीचा उपयोग नाही, मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायला आपण दिलेली परवानगी, चालूच राहतं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडा आणि तिथून रद्द करा. आत्ताच बघा, तुमच्याही नावावर एखादं निघेल.

बरं, काम तरी करावं? ४९ रुपये भरून मिळालेली फाइल एमपी४ होती, पण आवाज नाहीच! व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कोडेकची, म्हणजे आवाज-चित्र कुठल्या पद्धतीने साठवलंय त्याची, माहिती उघडून पाहिली, तर ऑडिओसमोर 'ए५२', म्हणजे मूळ फाइलीतलाच जुना डॉल्बी एसी३, जो आईच्या टॅबला कळत नाही. पठ्ठ्यांनी नुसतं वरचं वेष्टन बदललं होतं. हलत्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा, त्याही जशाच्या तशा.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार अधिकृत." अहो, ४९ साठी टाकला! "मॅन्डेट तुम्हीच दिलंय." अर्ज द्या म्हणाले. दिला. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "दहा हजारच ना? इथं लाखांवाले रांगेत आहेत." मग म्हणे ही फसवणूकच नाही, वर्गणी आहे, ग्राहक मंचात जा. तिथला कारकून म्हणाला, कंपनीचा पत्ता आणा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? पुन्हा बँकेत गेलो, तर अर्ज 'वर पाठवलाय'. वर म्हणजे कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

पैसे गेले की पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, माझ्यासारखं आधी बँकेच्या काउंटरवर ताटकळू नका. कस्टमर केअरचा नंबर शोधून तर अजिबात लावू नका, तिथे दुसरा भामटा बसलेला असतो. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट.

रूपांतरच करायचं तर हँडब्रेक आहे, पूर्ण मोफत, ना शिक्का ना ट्रायल. मात्र त्याच्याच साइटवरून घ्या, हँडब्रेक डॉट एफआर. ऑडिओ एएसी निवडा, डीइंटरलेस चालू ठेवा, रेषा जातात. आणि नुसतं पाहायचंच असेल तर तेवढीही खटपट नको. भाच्याने आईच्या टॅबवर व्हीएलसी टाकलं, मूळ एमटीएस फाइल लावली आणि आवाज आला. फुकटात. मला हे कुणी आधी सांगायला काय झालं होतं?